भावांचं एकमत

कॉलेजात तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि जोडीला घेतलेला विषय तंटे मिटवण्याचा. दोघे भाऊ तिला ‘न्यायाधीशीणबाई’ म्हणून चिडवायचे. पण तो विषय तिने घेतला होता त्यांच्यासाठीच. वडील गेल्यापासून घराच्या वाटणीवरून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आई मधल्यामधे झुरत होती.

सुट्टीत घरी येताच तिने दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसवलं. शिकल्याप्रमाणे आधी एकाला पोटभर बोलू दिलं, मग दुसऱ्याला. बाजू कुणाचीच घेतली नाही. थोरल्याचा आवाज चढला तेव्हा तिने हळूच विचारलं, “दादा, तुला खरी भीती कशाची वाटतेय?”

दादाचा आवाज खाली आला. “आईला सांभाळायची,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं नाही होणार.”

“माझ्याच्यानंही नाही रे,” धाकटा पटकन म्हणाला, आणि दोघांचे डोळे भरून आले.

मग सगळं भराभर ठरलं. घर विकायचं, आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. “अरे, पण आईला विचारा तरी!” ती म्हणत राहिली, पण तिच्याकडे लक्ष कुणाचं होतं? हॉस्टेलच्या खाटेवर ती तरी आईला कुठे नेणार होती?

ती आतल्या खोलीत गेली. आईने सगळं ऐकलं होतं.

“मिटलं ना गं एकदाचं?”

ती आईच्या शेजारी जाऊन बसली.

“बरं झालं,” आई म्हणाली. “आता तरी एकमेकांकडे येतील-जातील.”