मुठीत दाबलेलं घड्याळ

"चालू झालं! अहो साडूभाऊ, मेलेलं घड्याळ चालू झालं!"

अरविंद, माझा साडू, आमच्या गोखिवऱ्याच्या हॉलमध्ये उभा राहून असा बोंबलत होता की खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला असता. मी स्वयंपाकघरातून चहा आणेपर्यंत त्यानं ते घड्याळ मनगटावर चढवलं होतं आणि हात हलवूनही पाहिला होता. "मघाशी तुम्हीच म्हणालात ना, मालकाबरोबर मेलं म्हणून? हे बघा, काटा पळतोय! त्या भुईगावच्या बाईंना सांगायला हवं. येत्या रविवारी जाऊच आपण!"

बायको माझ्याकडे बघत होती. मी ट्रे ठेवला, हसलो आणि म्हणालो, "चमत्कार!"

चमत्कारबिमत्कार काही नव्हता. का नव्हता, ते मी आजवर एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तर जरा सबुरीनं घ्या. मला सरळ सांगायची सवय नाही.

मी वाढवून सांगतो, हे आमच्या सोसायटीतलं मांजरसुद्धा सांगेल. माझ्याकडे जपानी मनगटी घड्याळांचं एक कपाट आहे. पाहुण्यांना मी 'संग्रहालय' म्हणतो. एक घड्याळ मी कळंबच्या समुद्रात पडलेलं सांगतो, ते आठवड्यानं पापलेटच्या पोटातून टिकटिकत निघालं. दुसऱ्याच्या काट्यांचा उजेड इतका, की वीज गेली तर आमची बिल्डिंग त्यावर जेवते. लोक हसतात. मीही हसतो. पण पाहुणे गेल्यावर मी एकेक घड्याळ कानाशी धरतो ना — तेव्हा माझं तोंड बंद होतं. तेवढं एकच औषध आहे त्यावर.

तुम्ही कधी ऐकलंय? म्हणजे नीट, श्वास रोखून? त्या घड्याळांना सेल नसतो, चावी द्यावी लागत नाही. पोटात अर्ध्या चंद्रासारखी एक पोलादी चकती असते. तुम्ही हात हलवलात की ती फिरते आणि स्प्रिंग आपोआप भरते. तुम्ही पाणी शेंदा, पोरांना धोपटा, टाळ्या पिटा — तुमच्या जगण्यातला थोडा भाग ते घड्याळ गुपचूप उचलून ठेवतं आणि त्यावर चालतं. कुठल्या देशातल्या, कुठल्या माणसाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल? मी देवळात इतका नम्र होत नाही, जितका त्या चकतीपुढे होतो. ही थाप नाही. एवढं तरी खरं धरा.

आणि हात थांबला, तर दीड-दोन दिवसांत घड्याळही थांबतं. बिघडत नाही — नुसतं थांबतं. पुन्हा हातात घाला की चालू. संग्राहकांमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. बाहेरच्याला नसतं.

आता भुईगाव.

तिथल्या एका वाडीत पास्कूकाका राहायचे. तरुणपणी बोटीवर होते. जपानच्या कुठल्याशा बंदरात पहिल्या पगारात घेतलेलं घड्याळ त्यांच्या हातात असायचं. समुद्रावर फिरायला जाताना मी ते पाहिलं आणि जागेवर खिळलो. काळी तबकडी, लुकलुकणारे ठिपके, तिच्याभोवती मोटारीच्या चाकाएवढी कडी — बरं, बांगडीएवढी. काका अळूला पाणी लावत होते. हात वर-खाली होत होता आणि अळूसारखं ते घड्याळही जणू पाणी पीत होतं. मग मी दर रविवारी जाऊ लागलो. भाजीचं निमित्त. आमच्या घरात इतका अळू आला की बायकोनं फतफतं करायचं सोडून दिलं. काका ते घड्याळ माझ्या तळहातावर ठेवायचे आणि छाती फुगवून म्हणायचे, "कदी चावी दिली नाय, कदी सेल टाकला नाय. बोटीपासून चालतंय!"

रेजिनाकाकी, त्यांची बायको, ओट्यावरून हसायच्या. लग्न झाल्यापासून तेच वाक्य ऐकत आलेल्या. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

काका गेले. मी मयताला गेलो, महिन्यानं चर्चमध्ये झालेल्या मिस्सेलाही गेलो. प्रार्थनेला गेलो, असं म्हणावंसं वाटतंय — पण नाही. घड्याळ बघायला गेलो.

काकींनी कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत घड्याळ. "त्यांना मातीत ठेवून आलो, आनि दोन रोज नाय झाले तर हे पन बंद," त्या म्हणाल्या. "तुला त्यातलं कळतंय. बघ रे जरा, चालंल काय परत?"

मी ते हातात घेतलं. पंजा जरासा कलला — आणि पोटातली चकती फिरली. मला ती जाणवली हो, एखाद्या पाखरानं कूस बदलावी तशी. सेकंदकाटा थरथरला आणि निघाला. ठणठणीत होतं ते. एक शब्द पुरे होता. "काकी, चालतंय."

मी मूठ मिटली. तबकडी खाली गेली, माझ्या तळव्याशी.

आणि म्हणालो, "नाही काकी. गेलं हे."

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता चोर ठरलो असतो. पण मी मी आहे ना! मी त्यावर मजला चढवला. म्हणालो, जुन्या जपानी घड्याळांचं असंच असतं. ती एका माणसाची असतात. माणूस गेला की ती राहत नाहीत.

काकी रडल्या. मग त्यांचा चेहरा शांत झाला. "म्हंजे यकटे नाय गेले," त्या म्हणाल्या. आणि घड्याळ मलाच देऊन टाकलं. वर सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडीसुद्धा दिली. घरी जाताना शर्टाच्या खिशात ते इतक्या जोरात वाजत होतं की पापडीच्या नाक्यावरचा हवालदार मला थांबवणार, याची मला खात्री होती. सुकेळी मी खाल्ली. गोड होती.

ती गोष्ट मग माझी राहिली नाही. काकींनी ती चर्चच्या आवारात सांगितली. शेजारणींनी माहेरी नेली. एकदा भाजीवालीनं ती मलाच ऐकवली, डोळे पुसत. आणि मी? मी ते घड्याळ कपाटात आडवं, निश्चल ठेवलं, कधी घातलं नाही — घातलं तर चालेल ना! पाहुण्यांना मात्र गोष्ट सांगत राहिलो. माझ्या सगळ्या थापांत हीच एक अशी, जिच्यावर कुणी हसत नसे.

अरविंदला रविवार हवा होता. मी शनिवारीच निघालो, एकटा. स्कूटरवर माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक खरी. दुसरी अरविंदनंच आयती बनवलेली — काकी, परत जिवंत झालं! त्यांनी ती मानली असती. कपाळाला लावून घेतली असती. भुईगावात मेणबत्त्या लागल्या असत्या. शेवटच्या वळणापर्यंत मी तीच घोकत होतो. मोडायला मनच होईना, इतकी सुरेख होती.

काकी ओट्यावर वाल सोलत होत्या. मी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि खरी सांगितली. चकती, हात, मूठ, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा एकही मजला न चढवता.

त्यांनी घड्याळ उचललं. हलवलं. कानाशी नेलं, बराच वेळ धरलं. मग सुपाशेजारी खाली ठेवलं आणि पुढची शेंग घेतली.

"म्हंजे कोनी घातलं नाय म्हनून थांबलं," त्या म्हणाल्या. "येवडंच."