मस्कत तीन तासांवर

सुमती आजही आमच्या शेजारीच राहते आणि शिकवण्या घेते. ती तीस वर्षांपूर्वीच नागपूरला गेली असती. तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. गुरुवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. मंगळवारच्या गाडीचं कल्याणहून आरक्षणही झालेलं. पण त्याआधीच्या रविवारी तिचा धाकटा भाऊ माधव मस्कतला उडाला आणि सगळा घोळ झाला.

तिकीट देणारा एजंट म्हणाला होता, "चाय इधर पियो, खाना उधर खाओ. तीन घंटा!" नागपूरच्या जवळजवळ दुप्पट अंतर आणि तीन तास! खरा वेळ खाल्ला तो विमानतळावर जाणाऱ्या टॅक्सीनं. ती अंजूरफाट्याच्या ट्रकांत अशी अडकली, की विमान हुकता हुकता राहिलं.

त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही आणि दुसऱ्या कुणी गाव ओलांडायचं नाही. घरी फोन नव्हता, म्हणून माधव समोरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात फोन करणार होता. सुमती सारखी तिथं विचारायला जाई. मुनीम मान हलवी, "कोई फोन नहीं आया, बहनजी."

मंगळवार उजाडला. सुमतीची बॅग दाराशी तयार. लूमकडून उडत येणारा सुताचा कचरा फरशीवर साचून पायाला चिकटत होता.

"आई, तीनच तास लागतात गं. तो कधीच पोचला असेल."

"विमान पोचलं असेल. माझं पोर पोचलं का, ते सांग."

मी न राहवून तिच्या आईला म्हटलं, "काकू, काही बरंवाईट झालं असतं तर पेपरात आलं नसतं का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर वळवली. मग सुमतीलाच म्हटलं, "ऊठ. मी येते स्टेशनपर्यंत."

ती बॅग घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. "त्याला खरंच काही झालं असेल तर?" असं म्हणत तिनं बॅग खाली ठेवली. माझा असा संताप झाला! पण करायचा कुणावर?

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी लूमला सुट्टी. खडखडाट थांबला आणि कारखान्यातला फोन थेट आमच्या गल्लीत ऐकू आला. सुमती धावत गेली, मागोमाग मी.

पलीकडून माधव ओरडत होता, "अगं, रविवारपासून फोन करतोय! नुसती घंटी वाजते, कुणी उचलतच नाही!"

रात्रंदिवस चालणाऱ्या लूमच्या आवाजात ती घंटी कुणाला ऐकू येणार होती!

काकूंना रडूच कोसळलं. देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "आता जा हो तू नागपूरला. खुशाल जा."

सुमतीनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि आतल्या खोलीपासून केर काढायला लागली.