एकशे त्रेचाळीस अर्ज, एक फाईल

खरं सांगा, तुमच्या फोनमध्ये ‘अर्ज’, ‘स्कॅन’ किंवा ‘फायनल’ नावाच्या किती फायली पडून आहेत, आणि त्यातली एक तरी न उघडता ओळखता येते का?

मला आली नाही. म्हणून आमच्या गावचं वाचनालय जवळजवळ सिमेंटच्या पोत्यांखाली गेलं.

वाचनालय म्हणजे पंचायतीच्या आवारातली एक खोली, तीन बाकं, दोन मराठी पेपर, एक कानडी पेपर आणि गळक्या कोपऱ्यापासून लांब ढकललेलं पुस्तकांचं कपाट. पंचायतीला तिथं सिमेंट ठेवायचं होतं. कुणाची हरकत असेल तर शनिवारी दुपारपर्यंत अर्ज द्या, असं पीडीओ साहेबांनी, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

आता मी पत्रकांवर वाढलेली. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर कशा ना कशाविरुद्ध पत्रकं काढली आणि उरलेल्यांची कव्हरं माझ्या वह्यांना घातली. बाकीच्या पोरी कमळ-बदक शिकत होत्या तेव्हा मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं. त्याच दिवशी मी पत्रक काढलं: ‘एक गाव, एक आवाज, एक अर्ज!’ खाली अर्जाचा मजकूर आणि वाचनालयाचा ईमेल, म्हणजे पुण्या-हैदराबादला गेलेल्यांनाही अर्ज पाठवता येईल. सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत: ‘मजकुरात बदल करू नये. फाईलचं नाव अर्ज असंच ठेवावं. एकजूट दिसली पाहिजे.’

लोकांनी चक्क ऐकलं. एकशे त्रेचाळीस मेल आले. त्यातले नव्वद एकाच पत्त्यावरून, शेजारच्या मन्नाएखेळ्ळी गावातल्या झेरॉक्सवाल्या अक्कांच्या. ज्याला मेल नाही त्यानं अक्कांकडे जायचं, सही करायची, अक्का स्कॅन करून पाठवणार.

शुक्रवारी दुपारी मी छाती काढून पीडीओ साहेबांना फोनवर मेलची भरलेली पेटी दाखवली. त्यांनी हात हलवला. ‘‘मेल-गील बेडा. कागद तन्नी.’’ मेल नको, कागद आणा. उद्या दुपारी बारा.

फोनवर एकेक अर्ज उतरवायला गेले तर प्रत्येक मेलमागे ते गोल चक्कर फिरत बसायचं. अक्कांकडचे मूळ कागद लोक घरी घेऊन गेले होते. एकाच्या अर्जात मी शेंगदाणे बांधलेले पाहिले. मग मला बीदरच्या कॉलेजात शिकलेलं आठवलं. सगळी पेटी एका मोठ्या फाईलमध्ये उतरवून घ्यायची, लॅपटॉपचा काळा पडदा उघडायचा आणि हुकूम टाइप करायचा. मेलला जोडलेली फाईल अक्षरांच्या लांबलचक गिचमिडीत गुंडाळून आलेली असते. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम ती उलगडतो आणि बाजूला काढून ठेवतो. माऊसची गरज नाही, चक्कर नाही.

अप्पा मागे उभे. ‘‘काय करायलीस गं काळ्या पाटीवर?’’

‘‘हुकूम सोडायले, अप्पा.’’

‘‘आयुष्यभर हुकमाविरुद्ध पत्रकं काढली मी. आन घरातच हुकूम?’’

बटण दाबलं. पडद्यावर सरसर एकशे त्रेचाळीस ओळी धावल्या. मी फोल्डर उघडलं. आत एक फाईल. नाव: अर्ज.

उघडली तर ती गावातल्या त्या गृहस्थांची, ज्यांनी वाचनालयाचा एकमेव शब्दकोश वर्षानुवर्षं घरी ठेवलाय.

झालं असं होतं की प्रोग्रामनं पहिला अर्ज काढून ठेवला, दुसऱ्याचंही नाव अर्ज, म्हणून तो पहिल्यावर ठेवला, तिसरा दुसऱ्यावर. कसलीही तक्रार न करता त्यानं एकशे बेचाळीस माणसं पुसली. माझ्या पत्रकाला जगात कुणी शब्दशः मानलं असेल तर त्या यंत्रानं.

अप्पांना हसू आवरेना. ‘‘कामून हसायलाव?’’ मी ओरडले.

‘‘एक गाव, एक आवाज, एक अर्ज,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आनि काय पायजे तुला?’’

मूळ मेल शाबूत होते. मी प्रोग्राममध्ये फाईलच्या नावाआधी पाठवणाऱ्याचा पत्ता जोडला. आता चौपन्न फायली आल्या. अक्कांचे नव्वद अजूनही एकमेकांवर बसत होते. मी अक्कांना फोन लावला: तुमच्या संगणकात वेगवेगळे असतील ना?

‘‘कुठलं गं बाई. तूच लिवलीस ना, नाव अर्जच ठेवा म्हणून? मी ठिवलं. नवं आलं की जुनं जायचं. आता माझ्या नावानं कामून बोंबलायलीस?’’

शेवटी पत्ता काढून टाकला आणि आलेल्या क्रमानं नंबर दिले, एक ते एकशे त्रेचाळीस. सगळे आले. अक्कांनी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या छापून दिले.

बाराच्या आत गठ्ठा टेबलावर आपटला. पीडीओ साहेबांनी अंगठ्यानं पानं सोडली. तोच मजकूर, तोच मजकूर, तोच मजकूर. ‘‘एकाच माणसानं झेरॉक्स मारलं का काय, अव्वा?’’

सह्या वेगळ्या आहेत, असं मी तावातावानं सांगत होते. तेवढ्यात त्यांचा अंगठा थांबला. तो अर्ज अक्कांचा होता. माझ्या पत्रकाचा हुकूम मोडून त्यांनी हातानं लिहिला होता: ‘दुपारी करंट जातो तवा मी एष्टीनं तुमच्या गावी येते आन तिथं बसून पेपर वाचते. घरी मी बसले की कुणीतरी चहा मागतं. तिथं कुणी मागत न्हाई. खोली राहू द्या.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग तो कागद गठ्ठ्याच्या वर ठेवला आणि शिक्का मारला. ग्रामसभेत ठरेल, तोवर सिमेंट आवारातच, ताडपत्रीखाली.

खोली अजून वाचलेली नाही. ग्रामसभेसाठी मी नवं पत्रक काढलंय. त्यात मजकूर नाही, नुसत्या रेघा आहेत. अप्पा म्हणतात, हे पत्रक न्हाई, ही वही झाली.

तुम्हीही कुठंतरी, कशासाठी तरी अर्ज पाठवणारच आहात. माझ्यासारखीनं दिलेला मजकूर खोडा आणि तुमचं स्वतःचं कारण लिहा, एका ओळीचं का असेना. आणि पाठवायच्या आधी फाईलला तुमचं नाव द्या.