नव्या बिल्डमध्ये राहून गेलेला आवाज

मृणाल तळा गावची. घरची भातशेती. मुंबईत काही वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून ती बाळंतपणाला घरी आली, आणि मुलगी शाळेत जायला लागली तरी तिला परत कुणी कामावर घेईना. मी तेव्हा अलिबागच्या माझ्या छोट्या कंपनीसाठी माणूस शोधत होते. मुलाखतीत तिनं आधीच सांगून टाकलं, "अमिषाताई, मधल्या काळात हात सुटलाय माझा. पण शिकायला मी मागं हटत नाही." मी तिला घेतलं.

आमचं एक अ‍ॅप किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या वापरतात. वादळवाऱ्याचा इशारा आला की तो बोटीवरच्या फोनपर्यंत पोचवायचा, हे त्याचं मुख्य काम. मूळचं ते विनेशचं. तो काशीदचा, कोळ्याचा मुलगा. आमच्याकडे बरीच वर्षं होता, मग पुण्याला गेला.

अ‍ॅप म्हणजे नुसता लिहिलेला कोड नव्हे. त्या कोडला बाहेरून आणलेले भाग, चित्रं, अक्षरं जोडून फोनवर चालेल अशी एक फाइल तयार करावी लागते. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. विनेशनं हे जोडकाम स्वतःच्या पद्धतीनं बसवलं होतं, आणि ते ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. खाऱ्या हवेनं तो कॉम्प्युटर उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. कोड दुसरीकडे सुखरूप होता, पण तो जोडायचा कसा हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, आणि विनेशलाही आता सगळं नीट आठवत नव्हतं. त्यात नवे फोन जुनं अ‍ॅप घेईनासे झाले होते. आता सगळं नव्या बिल्ड सिस्टीमवर नेण्यावाचून इलाज नव्हता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून, झाकून शाकारलेल्या असतात. तेवढ्या अवधीत हे उरकायचं होतं.

मृणालनं ते अंगावर घेतलं. एक भाग बसवला की दुसरा निसटायचा. विनेशनं कुठं काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून ती त्याच्यावर मनातून फार चिडलेली असे. "या माणसानं एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?" असं ती एकदा मला म्हणालीही. पण नेटानं करत राहिली, आणि एक दिवस अ‍ॅप पूर्ण बांधून झालं. आता ते कुठल्याही कॉम्प्युटरवर जसंच्या तसं बनत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली.

मग ती ते तपासायला काशीदला गेली. भिकूकाका तिथले जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. त्यांच्या फोनवरचं जुनं अ‍ॅप काढून तिनं नवं घातलं आणि एक खोटा इशारा पाठवला. फोन वाजला, अक्षरं उमटली. भिकूकाका वाट बघत राहिले.

"सगला बरा हाय, पोरी," ते म्हणाले. "पन आमची केसर बोलत न्हाय."

मृणालला काही कळेना. तेव्हा काकांनी सांगितलं, की इशारा आला की फोनमधून बाईचा आवाज यायचा. जाळं ओढताना हात ओले, डोळ्यांवर खारं पाणी, वाचणार कोण? म्हणून विनेशनं आपल्या आईला, केसरला, बोलायला लावलं होतं. केसरला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मृणालनं तिथूनच विनेशला फोन लावला. त्याच्याकडून कळलं, की तो आवाज कोडमध्ये नव्हताच. त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात होता, आणि बिल्ड होताना तिथून उचलला जायचा. विनेशनं आपला लॅपटॉप आणि फोन चाळून पाहिला. मग म्हणाला, "माझ्याकडंही नाही तो. तिचा दुसरा कुठलाच आवाज नाही माझ्याकडे."

मृणालचा राग तिथंच विरला. भिकूकाकांच्या फोनवरचं अ‍ॅप तिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं. पण बाकीच्यांच्या फोनवर जुनंच होतं, आणि त्यातून आवाज बाहेर काढता येण्यासारखा होता. काका तिला घेऊन आळीत फिरले. एकाचा फोन फुटलेला, एकानं नवा घेतलेला. शेवटी जाळं विणत बसलेल्या वेणूबाईंनी मुलाचा जुना फोन फडताळातून काढून दिला. मृणालनं तो लॅपटॉपला जोडला आणि थोड्या खटपटीनंतर फाइल सापडली. तिनं ती लावली.

"वारा उठलाय रं. बोटी माघारी आना."

वेणूबाईंच्या हातातली सुई थांबली. "केसरच ती," एवढंच त्या म्हणाल्या.

तो आवाज आता नव्या बिल्डमध्ये रीतसर नोंदलेला आहे, आणि त्याच्या प्रती दोन ठिकाणी आहेत. मृणालनं तो विनेशला पाठवला, तेव्हा पुढच्याच रविवारी तो अलिबागला आला. लिहून ठेवायला हवं होतं, हे त्यानं आपणहून कबूल केलं.

मृणाल म्हणाली, "दादा, तुम्ही आईंना बोलायला लावलंत, म्हणून शोधायला काहीतरी होतं. उपकार तुमचेच."

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या. भाद्रपदात एका दुपारी वारा फिरला, इशारा गेला आणि काशीदच्या सगळ्या बोटी वेळेत किनाऱ्याला लागल्या. संध्याकाळी भिकूकाकांनी मृणालला फोन करून कळवलं. ती तेव्हा तळ्याच्या एसटीत होती, मांडीवर मुलगी झोपलेली. तिनं मला तेवढा निरोप पाठवला, आणि खाली लिहिलं, "ताई, मला कामावर घेतलंत, बरं केलंत." मी उत्तर लिहिलं, की बरं माझंच झालं.