माग थांबले, दिवे चालू

मी गेटजवळ सुतळी बॉम्ब फोडला आणि शेडमध्ये कुणीही मान वर केली नाही.

बमरोलीतला यंत्रमागांचा कारखाना. नव्वदीचं दशक. जवळच्याच एका कारखान्यात भांडणातून एकाने गावठी कट्टा चालवला होता. त्यामुळे या कारखान्याचे शेठ घाबरले. मी सेफ्टी ऑफिसरची नोकरी सोडून सल्ल्याची कामं घेत होतो. असा कट्टेवाला आत शिरला तर कामगारांनी काय करायचं, हे मला बसवून द्यायचं होतं.

पण गोळी ऐकूच येत नसेल, तर लोक लपणार कधी? मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूसही खुणेने बोलायचा.

आगीचा भोंगा वाजवून पाहिला. सगळे शिकवल्याप्रमाणे गेटकडे धावले. आगीत ते बरोबर. पण कट्टेवाला येणार तो गेटमधूनच.

मग करंट बंद केला. माग थांबले आणि लोक आरामात बाहेर निघाले. भिकन पाटील हा तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर देखरेख ठेवणारा. त्याला विचारलं, "कुठे निघालात?"

"लाईट गयी ना साहेब. चहा पिवाले जातस," तो अहिराणीत म्हणाला.

मी अमळनेरचा, त्यामुळे भाषा समजली. अडचणही समजली. शांतता पोचत होती, फक्त तिचा अर्थ चहा असा होता.

यावर मी बराच विचार केला. शेवटी वायरमनकडून मागांची आणि दिव्यांची लाइन वेगळी करून घेतली. वीज जाते तेव्हा सगळंच जातं. फक्त माग थांबले आणि ट्यूबलाइट चालू राहिल्या, तर ती धोक्याची खूण. मग मागच्या सुताच्या गोडाऊनमध्ये शिरायचं आणि दार आतून लावायचं. बटण वरच्या ऑफिसात बसवलं, हेमाबेनच्या टेबलाशी. त्या फोन सांभाळायच्या आणि त्यांच्या खिडकीतून गेट दिसायचं.

गोडाऊनला आतून कडीच नव्हती. शेठ ती लावू देईनात.

"लोको अंदर सुई जशे, साहेब," ते गुजरातीत म्हणाले.

"झोपले तर उठवता येतील, शेठ."

कडी लागली. ड्रिल सुरू झाले. पहिल्या वेळी निम्मे लोक चहालाच गेले. हळूहळू जमलं.

काही महिन्यांनी, भर दुपारी, भिकनने कामावरून काढलेला एक कारागीर कट्टा घेऊन आला. हेमाबेनने खिडकीतून पाहिलं, बटण दाबलं, पोलिसांना फोन लावला. माग थांबले. भिकनसकट सगळे गोडाऊनमध्ये गेले आणि कडी लागली.

शेडमध्ये उरले एकटे शेठ. ड्रिलच्या वेळी ते नेहमी कापड मार्केटला गेलेले असायचे. दिवे चालू असून माग का बंद, हे बघायला ते केबिनमधून तडक खाली आले होते.

कट्टेवाल्याने त्यांच्या छातीवर नेम धरला. "भिकन किधर है?"

"मुझे क्या मालूम, भाई? मैं खुद सबको ढूंढ रहा हूँ."

शेठचा चेहराच इतका गोंधळलेला होता, की त्याला ते पटलं. तो शिव्या देत दुसऱ्या शेडकडे वळला आणि पोलिसांनी त्याला अंगणात धरलं. गोळी सुटली नाही.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा शेठ पाणी पीत होते.

"मने कोईए कह्युं नहीं," ते म्हणाले.

त्यांचं खरं होतं. कडीसाठी मी त्यांच्याशी वाद घातला, पण खुणेचा अर्थ त्यांना कधी सांगितलाच नव्हता. तेव्हापासून मी कुठलंही काम घेतलं, तर पहिल्या ड्रिलची तारीख मालकाला विचारूनच ठरवतो.