हात चादरीबाहेर

"हात बाहेर ठेवा." महाडचं हॉस्पिटल असो की पोलादपूरचं, ऑपरेशनआधी भुलीच्या बाईंचं हे वाक्य ठरलेलं. नर्सने पेशंटचा हात चादरीखाली गुंडाळला की बाई तो ओढून काढायच्या, मनगटाला दोन वायरी चिकटवायच्या आणि अंगठा चिमटीत धरून बसायच्या. तुम्हाला वाटलं असतं, नाडी बघतायत.

मी दोन्हीकडे ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायचो. आधी खांद्यावरून, मग स्वतःच्या टेम्पोतून. बाईंशी कायम हुज्जत. रिकामे सिलिंडर मी आजच मागायचो, त्या उद्या म्हणायच्या.

एकदा त्या वायरींच्या डबीएवढ्या यंत्राची मी टिंगल केली. त्यांनी माझ्याच मनगटाला वायरी चिकटवून बटण दाबलं. अंगठा चार वेळा उडाला.

"स्नायू सैल करायचं औषध दिलं की हे ठोके मावळतात, शेठ. चौथा पहिल्याइतका जोरात परत आला, की माणूस औषधातून सुटला. तोवर घशातली श्वासाची नळी काढायची नाही."

मग मी त्यांना ते सांगितलं, जे सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. अपेंडिक्सच्या वेळी, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, मी आतून जागा झालो होतो. ऐकू सगळं येत होतं. पापणी उचलत नव्हती, छाती फुगत नव्हती. वर कोणीतरी म्हणत होतं, "ऊठ रे, किती झोपशील?" नंतर तिथला डॉक्टर म्हणाला, स्वप्न पडलं असेल. त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

बाई हसल्या नाहीत. "स्वप्न नव्हतं ते," एवढंच म्हणाल्या.

पुढे माझं पित्ताशय काढायची वेळ आली.

"कमरेखालीच बधिर करा, नायतर मी चाललो."

"याला पूर्ण भूल लागते. इथे भाव होत नाही, शेठ."

"मग माझा अंगठा सोडायचा नाय."

"नाही सोडणार."

ऑपरेशन संपताना सर्जन घाई करत होते, असं नर्सने नंतर सांगितलं. "मॅडम, श्वास घेतोय की! काढा नळी." बाई म्हणाल्या, "चौथा अजून कमी आहे," आणि जागच्या हलल्या नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा अंगठा त्यांच्या चिमटीत होता.

यंदा बाई गेल्या. घरी ठेवलं होतं तेव्हा गळ्यापर्यंत चादर, दोन्ही हात आत. मी वाकून उजवा हात बाहेर काढला. त्यांच्या भावाने तो आत सारला. एरवी मी आवाज चढवला असता. त्या दिवशी नुसता पुन्हा बाहेर काढला, आणि उचलेपर्यंत अंगठा धरून बसलो.