एक्सायटेडली म्हंजे काय, आक्का?

आक्का गेली. सकाळी, चहा गार व्हायच्या आत.

रडारड नको म्हणून बजावून गेलीय. हार-फुलांचे फोटो पाठवू नका. एक गोष्ट तेवढी लिहिते.

बेचाळीस साल, 'चले जाव'चे दिवस. निपाणी. मी आठ वर्षांची. आक्का इंग्रजी तिसरीत, म्हंजे आताच्या सातवीत. आमचा थोरला अण्णा बेळगावात बोर्डिंगला.

पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर इंग्रजी.

तेव्हा इंग्रजी कागद म्हंजे तार, आन् तार म्हंजे माणूस गेला. आईनं न वाचताच हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. शेजारच्या काकूनं तर आमची चूल विझवून टाकली!

आक्कानं पत्र वाचलं. तोंड पांढरं पडलं.

मग एकदम हसली. "अण्णाचा पयला नंबर आलाय!"

बायका साखर खाऊन गेल्या. दार लावलं. मग आक्कानं खिडकीबी लावली.

"हेडमास्तरचं हाय. अण्णा पोरांपुढं एक्सायटेडली बोलला. नाव वर कळवलंय."

आप्पा, आमचे वडील, म्हणाले, "म्हंजे काय केलं त्यानं?"

"ठावं न्हाय."

विचारायचं कुणाला? इंग्रजी येणारा जो तो सरकारी. पत्र दाखवलं तर अण्णा गेलाच तुरुंगात.

आक्कानं पाटीवर तेवढा एकच शब्द उतरवला. मला घेऊन तिच्या मास्तरांकडं गेली.

"जोशात. अंगात आल्यागत," मास्तर म्हणाले.

"चांगलं का वाईट?"

"लिहितंय कोण, त्यावर हाय. धड्यात आलं तर चांगलं. साहेबाच्या कागदात आलं तर वाईट. तुला कुठं दिसलं गं?"

"धड्यात."

मास्तरांनी दाराबाहेर कोण हाय का बघितलं. मग पाटी ओढून घेतली, आपल्या धोतरानं पुसली.

"धड्यातल्या त्या पोराला आजच तिथनं हलवा म्हणावं."

आप्पा मिळेल त्या मोटारीनं गेले. अण्णाला कोगनोळीला मावशीकडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगवर पोलीस आलेच.

अण्णा वाचला. आक्काची भीती काय गेली न्हाय.

घरात पाळणा हलू दे, नातू पास होऊ दे, ही आधी खिडकी लावायची. "हळू. हळू बोला रं." सगळी हसायची. मीबी.

काल मी जरा मोठ्यानं हसले, तर हिनं माझा हात दाबला.

आक्का, आता बोल की गं मोठ्यानं.
नाव लिहून घ्यायला तिथं कोण न्हाय.